चित्राखालचा आवाज

इस्त्री घ्यायची म्हणून ती दुकानात शिरली होती, आणि टीव्हींच्या भिंतीपुढून जाता जाता तिला पान्हा फुटला. काही म्हणता काही कारण नव्हतं. लेक खांद्यावर गाढ झोपलेली, घरून निघतानाच पोटभर प्यालेली. तिच्या उघड्या तोंडातून गळणारी लाळ मानेवर गार लागत होती. आणि तरी आतून ती ओळखीची कळ उठली, मुंग्या आल्यासारखी, आणि कुडत्यावर बघता बघता दोन ओले गोल उमटले. तिने लेकीला चटकन पुढे घेऊन ते झाकले. मग तिला ऐकू आलं. म्हणजे कानांनी आधी ऐकलं असणारच, पण तिला कळलं मागाहून. चटका बसल्यावर हात आधी मागे येतो आणि ‘आई गं’ नंतर निघतं, तसं. भिंतीवर लहानमोठे कितीतरी टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच इमारत होती, वरून दिसणारी, करडी, पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी. ते खोकं आतल्या आत बसलं. पिठाचा डबा पडावा तशी धूळ उठली. आणि त्या धुळीतून एक तान्हं मूल रडत होतं.

“आवाज बघा, आजोबा, आवाज!” दुकानातला पोरगेला विक्रेता एका म्हाताऱ्या जोडप्याला सांगत होता. “स्फोट पुढनं येतो, आणि रडणं बघा, मागनं. जसं काही तुमच्या पाठीशीच बाळ आहे!”

म्हातारी खरोखरच मागे वळली. मागे ती उभी होती, बाळ घेऊन. “अगं बाई!” म्हातारी हसली. “मला वाटलं हिचंच रडतंय.”

हिचंच आहे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात नवरा दोन इस्त्र्या दोन हातांत धरून, तराजूसारखा वजनं जोखत आला. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता आणि कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिचं वजन बघायचा. “वाफेची घ्यायची का साधी? वाफेची चार दिवसांत पाण्यातला खडू ओकायला लागते म्हणतात,” तो म्हणाला आणि मग थांबला. “काय गं? चेहरा का असा उतरलाय?”

“ते रडणं आपल्या ढब्बूचं आहे.”

त्याने लेकीकडे पाहिलं. “ढब्बू झोपलीय.”

“ही नव्हे रे. टीव्हीतली.”

“सगळी बाळं सारखीच रडतात,” तो म्हणाला, समजूत घातल्यासारखं, आणि तिचा दंड धरून तिला पंख्यांच्या बाजूला घेऊन गेला. लेक मात्र जागी झाली होती. तिने मान वळवली, भिंतीवरच्या त्या सगळ्या धुळीकडे टक लावून पाहिलं, आणि रडली नाही. दुसरं मूल रडताना ऐकलं की ती नेहमी लगेच सूर धरायची. दवाखान्यात एकाने तोंड उघडलं की हिचं उघडलंच. पण आता ती शांत होती. कोणीतरी खूप दिवसांनी हाक मारावी आणि आपण कोण ते आठवत राहावं, तशी.

घरी येताना बसच्या खिडकीला डोकं टेकवून ती बसली होती. काचेतून कंप दातांत उतरत होता. सगळी बाळं सारखीच रडतात असं ज्याला वाटतं, त्याने ऐकलेलंच नसतं. ऐकणं हे तिचं काम होतं. एका वृत्तवाहिनीच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या एका खोलीत बसून ती चित्रांना आवाज लावायची. बाहेरच्या कोणाला हे सांगितलं तर ते म्हणत, म्हणजे? चित्राला आवाज असतोच ना? आधी असायचा. कोणीतरी कॅमेरा खांद्यावर घेऊन जायचा, त्याच्या धापा, त्याच्या बुटांखालची काच, लांबून कोणाचं तरी ओरडणं, सगळं चित्राबरोबर यायचं. आताचं युद्ध वरून यायचं. विमानाच्या पोटातल्या डोळ्याने टिपलेलं, मधोमध एक फुली असलेलं, आणि संपूर्ण मुकं. इतक्या उंचीवर आवाज पोचतच नाहीत. रस्ता, छपरं, एखादी गाडी, आणि मग एक पांढरा ठिपका जो मोठा होत जातो. माशांच्या काचपेटीत बघावं तसं. बातमीकक्षाचे प्रमुख (त्यांना सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणत, कारण ‘घाई करा’ याखेरीज त्यांच्या तोंडून दुसरं काही निघालेलं कोणाला आठवत नव्हतं) म्हणायचे, “मुकं चित्र दिसलं की माणसाचा अंगठा रिमोटवर जातो. भरा काहीतरी.” आणि ती भरायची. संगणकात आवाजांचे खण होते: तोफ लांबची, तोफ जवळची, काचा, पळापळ, कुत्री, वारा. खाली मेल्यासारखं पडलेलं चित्र वाऱ्याचा नुसता एक थर दिला तरी श्वास घ्यायला लागायचं. ती हे चांगलं करायची. इतकं चांगलं की कोणाला ते केलेलं कळायचं नाही, आणि हीच त्या कामातली शाबासकी.

आता बसमध्ये तिला तो आवाज पुन्हा हवा होता. म्हणजे खात्री करायची होती. पण खात्री झालेलीच होती. अंगाने केली होती. त्या रडण्याच्या शेवटी एक जागा होती, जिथे श्वास संपायचा, क्षणभर काहीच नसायचं, आणि मग घोट गिळल्यासारखा एक बारीक उचकीचा ठिपका. तो ठिपका तिने शेकडो वेळा ऐकला होता, जुन्या टेपांच्या खोलीत, पंखा नसलेल्या त्या कोंडवाड्यात, दाराला आतून खुर्ची लावून. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर परतली तेव्हा दूध काढायला तिला तीच एक जागा मिळाली होती. यंत्र लावून बसलं की दूध यायचंच नाही. समोर कपाटात जुन्या पुरांच्या, निवडणुकांच्या, क्रिकेट सामन्यांच्या टेपा, आणि दूध म्हणायचं, मी इथे कशाला येऊ? मोठ्या बहिणीने फोनवर सांगितलं, “बाळाचं रडणं ऐक गं. रेकॉर्ड करून ने. मी तेच केलं होतं. धो धो येतं.” तेव्हा तिने घरी एका दुपारी लेकीचं रडणं टिपलं. आवाजातली बाई ती; मोबाइलवर कसं टिपेल? कचेरीतला माइक पर्समध्ये घालून आणला होता. लेक पाळण्यात होती, भूक लागून उठलेली. आणि तिने आधी पंखा बंद केला. मग खिडकी लावली. मग माइक जवळ धरला आणि हात हलू नये म्हणून कोपर मांडीवर टेकवलं. लेक रडत होती, आईकडे बघून, आई दोन हातांच्या अंतरावर बसलेली असताना, आणि आई आवाजाच्या मापकाची सुई लालमध्ये जात नाही ना ते बघत होती. उचकीचा तो ठिपका तेव्हाचा होता. आता कोणी येत नाही असं त्या एवढ्याशा जिवाला वाटलं, आणि त्याने घोट गिळला. त्यानंतर तिने उचललं. लगेच उचललं. पण लगेचच्या आधी काहीतरी होतं, आणि ते टिपलं गेलं होतं.

ती फाइल तिने आपल्या संगणकावर ठेवली होती. नाव काय द्यायचं सुचलं नाही, म्हणून ‘तान्हं’ एवढंच.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. सासूबाईंनी दार उघडलं आणि त्यांचं लक्ष आधी तिच्या कुडत्याकडे गेलं. “अगो, एवढं वाया घालवलंस? पाजायचं ना तिथे कुठेतरी कोपऱ्यात.” त्यांच्या मागे टीव्ही चालू होता. तो दिवसभर चालूच असायचा; त्या एकट्या घरात बाळाला सांभाळायच्या आणि म्हणायच्या, तेवढीच माणसांची जाग. पडद्यावर वरून दिसणारं एक शहर होतं. तिला ते घर आठवलं ज्यात तिने पहिलं युद्ध पाहिलं होतं. ती सहा-सात वर्षांची असेल. बाबा कचेरीतून आले की शर्टही न बदलता टीव्हीपुढे बसायचे. कुठल्यातरी लांबच्या शहरावरची हिरवी रात्र, आणि त्या हिरव्या अंधारातून वर चढणाऱ्या ठिपक्यांच्या माळा. विहिरीच्या तळाशी काजवे सुटल्यासारखं. आणि त्याला आवाज नव्हता, कारण धाकटा भाऊ नुकताच जन्मला होता, आतल्या खोलीत झोपलेला असायचा, आणि आईने बजावून ठेवलं होतं, “तुमचं युद्ध बघायचं तर बघा, पण आवाज बंद करा. बाळ उठलं तर तुम्ही झोपवायचं.” बाबा आवाज बंद करायचे. मग ते दोघं, बाप-लेक, त्या हिरव्या पाण्यात बुडून बसायचे, आणि आतून भावाचा श्वास ऐकू यायचा, आणि आईच्या पाळण्याच्या दोरीची कुरकुर. त्यामुळे कितीतरी वर्षं तिला वाटायचं की युद्धाला तोच आवाज असतो. पाळणा कुरकुरल्याचा. शाळेत कोणीतरी तोंडाने ‘ढिशुम ढिशुम’ केलं तर तिला ते खोटं वाटायचं. तिने एकदा विचारलं होतं, “बाबा, तिथे पण बाळ झोपलंय का? म्हणून ते हळू हळू करतायत?” बाबा हसले होते. मग त्यांनी हसणं थांबवलं होतं आणि उठून टीव्हीच बंद केला होता. त्यांचा तो हात बटणावर थोडा वेळ तसाच राहिलेला तिला अजून दिसायचा.

दुसऱ्या दिवशी ती पाळी सुरू व्हायच्या बऱ्याच आधी गेली. रात्रीच्या पाळीला तिच्याच खुर्चीत मास्तर बसायचे. ते पूर्वी शाळेत गाणं शिकवायचे, शाळा बंद पडली तेव्हा इकडे आले. अजूनही पेन्सिलीने टेबलावर मात्रा मोजायचे. आज ते रेंगाळले होते आणि डब्यातलं उरलेलं खात होते.

“मास्तर, त्या इमारतीच्या चित्राला रडणं कुठून लावलंत?”

“कसं जमलंय?” मास्तरांचा चेहरा उजळला. “घाईसाहेब स्वतः खाली आले होते. आजवर कधी आलेत? म्हणाले, निवेदिकेला तिथे बोलू देऊ नका, नुसतं हेच वाजू दे. अगं, तुझ्याच संगणकात तर होतं. तान्हं. मला वाटलं तू कुठून तरी मागवलंयस. एवढं स्वच्छ रडणं मी उभ्या जन्मात ऐकलं नाही. मागे पंखा नाही, भांडं नाही, कोणी ‘अलेले’ नाही. शेवटची ती उचकी, काळीज फाटतं बघ.”

“ते माझ्या मुलीचं आहे.”

मास्तरांचा घास हातातच राहिला. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग डब्याकडे. “ठीक आहे ना ती?” त्यांनी विचारलं, आणि आपण काय विचारलं हे त्यांनाच कळलं. “म्हणजे, मला तसं नव्हतं म्हणायचं.”

“ठीक आहे. तिला दात येतायत.”

“हो का? खालचे आधी आले की वरचे?”

“मास्तर, काढून टाका ते.”

“अगं बाई, काढू कुठून? आपल्याकडनं चार वाहिन्यांनी उचललं, त्यांच्याकडनं आणखी कोणी. हवेत गेलेलं काय ते ओंजळीने परत भरता येतं?” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “आणि खरं सांगू? तिथे बाळ नसेलच कशावरून? असेलच ना कोणीतरी. त्याचं रडणं काही आपल्याकडे आलं नाही. तुझ्या पोरीने त्याच्यासाठी रडून दिलं असं समज.”

तिला हे उत्तर सुचलं नसतं. आणि ते सुचल्याबद्दल ती मास्तरांना माफही करू शकली नाही. त्याच्यासाठी रडून दिलं. आपण ज्याच्यासाठी रडतो त्याला ते ऐकू येतं का? ती खुर्चीवर बसली, हेडफोन लावले आणि फाइल उघडली. आता तिला दुसरंच काही कळलं, जे इतके दिवस समोर असून कळलं नव्हतं. हा आवाज ढब्बूचा नव्हताच. होता, पण आता नव्हता. ढब्बू आता रडायची ती हाका मारल्यासारखी, घशातून, त्यात एक ‘म्म’ यायला लागला होता, त्यात राग होता, लाडीगोडी होती, कोण येतंय ते बघण्यापुरती विश्रांती होती. हे कापरं, पातळ, आंधळं रडणं करणारं बाळ जगात कुठेच उरलं नव्हतं. त्याची जागा हळूहळू दुसऱ्या एका बाळाने घेतली, आणि ती घेतली जात असताना आई म्हणून ती टाळ्या वाजवत होती: मान धरली, पालथी पडली, बसायला लागली. त्या पहिल्या बाळाला कोणी निरोप दिला नव्हता. ते आता त्या करड्या इमारतीत राहायला गेलं होतं. दर तासाला, बातम्यांच्या ठोक्यावर, छप्पर त्याच्या अंगावर पडायचं.

पुढचे दिवस एखाद्या पातळ कापडाआडून पाहिल्यासारखे गेले. रडणं सगळीकडे होतं. खालच्या पानवाल्याच्या छोट्या टीव्हीतून, लिफ्टच्या दारातून आत येणाऱ्या कोणाच्यातरी मोबाइलमधून, समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून. सुरुवातीला प्रत्येक वेळी पान्हा फुटायचा. ती हाताची घडी घालून छातीवर दाबून धरायची, जिने चढताना, रस्ता ओलांडताना. मग एकदा फक्त मुंग्या आल्या. मग एकदा काहीच झालं नाही. ती रस्त्याच्या मधोमध थांबली, वाट पाहत, जसा माणूस शिंक अर्धवट राहिली की थांबतो. मागच्या रिक्षावाल्याने विचारलं, “ताई, मुहूर्त बघताय का?” ती बाजूला झाली. बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी घरी जाऊन लेकीला पदराखाली घेतलं, आणि लेकीने तोंड लावलं, ओढलं, पुन्हा ओढलं, आणि मग तोंड काढून तिच्याकडे पाहिलं. काही येत नव्हतं. लेक रडली, तिच्या नव्या, ‘म्म’ असलेल्या आवाजात, अगदी कानाशी, आणि आत काही हललं नाही. जसं काही तेही कुठेतरी वरून येत होतं.

“पान्हा चोरतेस की काय गं?” सासूबाई म्हणाल्या. “गाय चोरते, वासरू दुसरंच लावलं की. तू कशाला?” त्यांनी ते सहज म्हटलं होतं, वाटीत दूध गार करत. पण ती त्यांच्याकडे बघतच राहिली. नवऱ्याने दवाखान्यात जायचं म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी वजन घेतलं, ताण कमी करा म्हणाल्या, मेथी-बडीशेपेचं काहीतरी लिहून दिलं. त्यांच्या भिंतीवरच्या टीव्हीतही इमारत पडत होती आणि त्यांच्या हातातलं पेन थांबत नव्हतं. येताना नवरा म्हणाला, “बाटलीचं सुरू करू की. बाटलीवरची मुलं काय मोठी होत नाहीत? मी बाटलीवरचाच.”

“तुला कळत नाहीये,” ती म्हणाली. “दुधाचं नाही. ती रडतेय आणि मला ऐकू येत नाहीये.”

“ती रडली की ऐकू तर येतं ना तुला?”

“ऐकू येतं रे. पोचत नाही.”

त्याने औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, “लिफ्टमध्ये एक घंटा असते, कोणी अडकलं तर वाजवायला. एका इमारतीत ती खराब होऊन आपोआप वाजायची, दिवसभर. आम्ही दुरुस्त करायला गेलो तर रहिवासी म्हणाले, कुठली घंटा?” तो आपला काहीतरी सांगून तिचं मन रमवत होता. ती मात्र घरी येईपर्यंत तेच ऐकत राहिली. कुठली घंटा.

सासूबाई एकदा म्हणाल्या, “गंमत बघ हं. ते टीव्हीतलं पोर रडायला लागलं की ही चूप होते. हातातलं टाकून बघत बसते. तिला वाटतं आपलीच कोणीतरी आहे आत.” आणि त्यांनी पदराने डोळे टिपले, ते टीव्हीतल्या पोरासाठी. “त्याची आई कुठे असेल गं? कोणी उचललं का नाही त्याला?” ती मनातच सासूबाईंना म्हणाली, उचललं, आई. थोड्या वेळाने उचललं.

मग ज्यांची इमारत पडली होती त्यांच्या बाजूचा एक गणवेशातला माणूस पडद्यावर आला. मागे नकाशा, हातात छडी. तो शांतपणे बोलत होता, वर्गात बोलावं तसं. त्या बाळाचा आवाज साऱ्या जगाने ऐकला आहे, तो म्हणाला. त्या आवाजाला उत्तर दिलं जाईल. बातमीकक्षात कोणीतरी शीळ घातली. ती दारात उभी होती, हातात दूध काढायच्या यंत्राची पिशवी, जी आता ती नुसती सवयीने आणायची. तिला वाटलं हा माणूस आपल्या घरातलं काहीतरी बोलतोय. पाळणा, बंद केलेला पंखा, मांडीवर टेकवलेलं कोपर. त्या भूक लागलेल्या दुपारला हा उत्तर देणार होता.

उत्तर एका दुपारीच आलं. म्हणजे त्याचं चित्र आलं, वरून, मुकं. घाईसाहेब मागे येऊन उभे राहिले. “घाई करा. दोन मिनिटांत लावायचंय. निवेदिका गप्प राहील, मागच्यासारखंच. तेच रडणं टाक.”

“साहेब, ही दुसरी बाजू आहे. ते ज्यांच्यावर पडलं होतं, त्यांनी हे पाडलंय.”

“मग? इकडे मुलं नसतात?” त्यांच्या आवाजात कावा नव्हता, त्यांना ते खरंच न्यायाचं वाटत होतं. “जरा सूर खालीवर कर, ओळखू येणार नाही.” आणि ते घाईने निघून गेले.

ती एकटी राहिली. चित्र छोटं होतं. एक सपाट गच्ची, तिच्यावर दोरी, दोरीवर कपडे. वरून कपडे नुसत्या रेघा दिसतात. एक ठिपका जिन्यातून वर आला. वरून माणूस ठिपका असतो आणि त्याची सावलीच माणसासारखी दिसते. सावलीने हात वर करून एक रेघ काढली, खांद्यावर टाकली. दुसरी काढली. मग थांबली. मान वळवावी तशी सावली जराशी हलली, जिन्याकडे, आणि उरलेल्या रेघा तशाच सोडून ठिपका घाईने खाली गेला. मग पांढरं. मग काही नाही. ती तिथपर्यंत आली आणि परत मागे गेली. सावली का वळली? वर पाहिलं नव्हतं तिने, म्हणजे वरचं काही ऐकलं नव्हतं. खालचं ऐकलं होतं. घरातलं. कपडे अर्धे टाकून बाई खाली कशासाठी पळते हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने ‘तान्हं’ ओढून त्या जागेखाली ठेवलं, सूर दोन पायऱ्या खाली केला. आवाज बसला, अगदी मापाने शिवल्यासारखा बसला; सावली वळते तिथे उचकी. आणि तिला काहीच वाटलं नाही. ती वाट पाहत होती, पण छाती भिंतीसारखी कोरडी. ती सावली ज्याच्यासाठी वळली तो आवाज हा नव्हता. तो आवाज त्या बाईला पोचला होता आणि आणखी कोणालाही नाही, आणि तो तिच्याबरोबर गेला. त्याच्या जागी कुठलंही ठेवलं तरी ते त्याच्यावर टाकलेलं झाकण होणार. तिने आवाजाची पट्टी खाली ओढली. अगदी तळाला. मग वाऱ्याचा थरही काढला, धुळीची सरसरही. आणि चित्र वर पाठवून दिलं.

भिंतीवरच्या टीव्हीवर निवेदिकेने खाली मान घातली, ठरल्याप्रमाणे गप्प झाली. गच्ची आली. आवाज आला नाही. उघड्या दारापलीकडच्या बातमीकक्षात आधी टंकलेखन थांबलं, मग बोलणं. कोणीतरी स्वतःचा कान झटकला. एकाने रिमोट हाताच्या तळव्यावर आपटला. सावली एक रेघ काढत होती, दुसरी काढत होती, आणि सगळे, ज्यांनी हे युद्ध दिवसभर पाठीमागे चालू ठेवून आपापली कामं केली होती, ते सगळे तोंड वर करून बघत होते, कारण ऐकू येत नव्हतं. तिला वाटलं, आत कुठेतरी पाळणा कुरकुरतोय. मग घाईसाहेबांचा आवाज जिन्यातून, “आवाज कुठाय? आवाज कोण बघतंय?” आणि त्यांच्या पावलांचा. ती उठली. खुर्ची सरकवून ठेवली, हेडफोन खुंटीला अडकवले, पिशवी घेतली. टेपांच्या खोलीत जाऊन आतून खुर्ची लावली आणि तिच्यावर बसली. आता नोकरीचं काय व्हायचं ते दाराच्या पलीकडे उभं होतं आणि दार वाजवत होतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. सासूबाई.

“अगो, तुमच्या टीव्हीचा आवाज गेलाय. मी दोनदा बंद करून चालू केला. रिमोट गेला का चॅनेल?”

“चॅनेल गेलं, आई.”

“तरीच! आणि हिला काय झालंय बघ. ती घरं दिसायला लागली की हिला सवय झालीय ना, ते पोर रडणार म्हणून. हातातली वाटी टाकून बघत बसली. वाट बघतेय, वाट बघतेय. काही येईच ना. तर आता ही स्वतःच लागली! टीव्हीकडे बघून! मला घेऊ देत नाही, ऐक, ऐक तूच.”

आणि फोन सरकल्याची खरखर झाली आणि लेकीचं रडणं आलं. पंख्याची घरघर होती त्यात, वाटी फरशीवर गोल फिरून थांबल्याचा आवाज होता, सासूबाईंचं ‘अलेले, काय झालं गं माझ्या बाईला’ होतं. मास्तरांनी कधीच वापरलं नसतं असं मळकं, गर्दीतलं रडणं. घशातून, हाक मारल्यासारखं, मध्ये थांबून कोणी येतंय का ते बघणारं. त्या घरात त्या चित्राखाली आता ते वाजत होतं. गच्चीवरची सावली पुन्हा वळत असेल. ‘म्म,’ लेक म्हणाली. ‘म्म.’

तिने फोन कानाशी घट्ट धरला. बाहेर दार वाजत होतं. टेपांच्या कपाटाला धूळ होती, आणि तिच्या कुडत्यावर, आधी डावीकडे, मग दोन्हीकडे, ओल पसरत चालली होती. तिने ती झाकली नाही.

“उचला, आई,” ती म्हणाली. “आधी उचला तिला.”